जुना मोडेम, नवा मोडेम : दोघांचं पटता पटेना

खुडबुड्या

नमस्कार मंडळी. आजच्या काळात डायल-अपवर धागा काढतोय म्हणून हसू नका. हसायचंच असेल तर आधी उत्तर द्या, मग हसा.

पाण्याची पातळी नोंदवणारा एक जुना डेटा लॉगर आहे. त्याला त्याच्याच वयाचा २४००चा मोडेम (आकडे सुरांत बदलून टेलिफोनवरून पाठवणारी डबी) सिरियल केबलने जोडलेला. हे सगळं लांब, जिथे माणूस नसतो अशा जागी. रोज रात्री आमच्याकडून फोन लावायचा, पलीकडचा मोडेम उचलतो, पासवर्ड द्यायचा आणि दिवसभराचे आकडे उतरवून घ्यायचे. कित्येक वर्षं बिनबोभाट चाललं. गेल्या महिन्यात आमच्या बाजूचा मोडेम आणि संगणक दोघेही एकाच रात्री वारले (वीज). आता नवा संगणक आणि यूएसबीचा व्ही.९२ मोडेम (५६के, म्हणजे सेकंदाला ५६ हजार बिटांपर्यंतच्या जातीचा) आणलाय.

तेव्हापासून पाचातल्या तीन वेळा नुसता आरडाओरडा होतो आणि शेवटी 'नो कॅरिअर', म्हणजे जुळलंच नाही. जोडणी झालीच तर मी कळफलकाला हात लावायच्या आत लॉगर 'पासवर्ड चुकला' म्हणतो. म्हणजे तसंच काहीतरी म्हणतो, कारण निम्मी अक्षरं भलतीच उमटतात. असं तीनदा म्हणून फोन ठेवतो. एकदा नशिबाने आत शिरलो, तर आकड्यांचीही तीच गत. निम्मे धड, निम्मे अगम्य.

कपाटात पलीकडच्यासारखाच एक जादा मोडेम आहे. तो आणि नवा असे टेबलावर सरळ वायरने जोडून पाहिले. नवा म्हणतो 'नो डायलटोन'. पुढे काहीच नाही.

मेलेल्या मोडेमच्या बुडाला एक पिवळा पडलेला कागद चिकटवलाय, त्यावर पेनने '२४-७ई१' एवढंच. चोवीस तास सातही दिवस चालू ठेवा असं असणार, आणि ई१ ही बहुधा तेव्हाची खोली. चालू ठेवलेला होताच, त्याचा काही उपयोग झाला नाही.

चकमक

धागा उघडल्या उघडल्या कानात टिंग-टाँग-किर्रर्र-खर्रर्र सुरू झालं. आता दिवसभर वाजणार. आभार कसे मानू?

नवशिक्या_९९

बाळबोध प्रश्न. नवा ५६के आहे ना? मग त्याने जुन्याला वर ओढायला हवं. दोघं २४०० बॉडवर का रखडतात?

काटेकोर

२४०० बीपीएस (सेकंदाला बिट). बॉड (सेकंदाला चिन्हं) ६००.

२४००वाल्यांच्या व्ही.२२बिस या मानकात सेकंदाला ६०० चिन्हं जातात आणि दर चिन्हात ४ बिट. त्याच्या आधीच्या व्ही.२२मध्येही बॉड ६००च, पण चिन्हात २ बिट, म्हणून १२०० बीपीएस. ३००च्या जमान्यात बॉड आणि बीपीएस एकच आकडा होता, तिथून हा घोळ सुरू झाला तो आजतागायत.

चकमक

काटेकोर आले. धागा मार्गी लागणार, फक्त कुठल्या मार्गी ते विचारू नका.

तारायंत्री

नवशिक्या, बैलाशेजारी घोडा जुंपला तरी गाडी बैलाच्याच चालीने जाते. आणि दोन ५६केवाले एकमेकांना जोडलेस तरी ५६ कधीच मिळायचं नाही. ५६केच्या व्ही.९० मानकाची सगळी युक्ती अशी की एक टोक डिजिटल लाईनवर असतं, त्यामुळे खाली येणाऱ्या वाटेवर अ‍ॅनालॉगचं डिजिटल करायची पायरीच येत नाही. दोन्हीकडे साध्या लाईनी असल्या की व्ही.३४, म्हणजे फार तर ३३.६. हे ठाऊक नसल्याने कित्येकांनी दोन महागडे मोडेम समोरासमोर बसवून डोकं आपटून घेतलंय.

खुडबुड्या, तुमच्या पहिल्या दुखण्याकडे येतो. मोडेम उचलला की आधी २१०० हर्ट्झचा उत्तराचा सूर देतो. नव्या जातीचा मोडेम हाच सूर सेकंदाला १५ वेळा किंचित कमीजास्त करत वाजवतो. ही व्ही.८ची खूण, 'मला नवी भाषा येते' अशी. तुमचा म्हातारा सपाट सूर देतो. तो ऐकून तुमचा नवा समजतो की व्ही.८ नाही. मग तो व्ही.३२च्या पद्धतीने १८०० हर्ट्झची हाक देतो. त्याला २४००वाल्याकडून ओळखीचं उत्तर येत नाही, पलीकडून निव्वळ '१' बिटांची माळ चालू असते. ती ओळखून नव्याने पटकन खाली उतरायला हवं. कागदावर हे सगळं ठरलेलं आहे. प्रत्यक्षात एखाद्याला उतरायला उशीर होतो, दुसरा तोवर कंटाळून फोन ठेवतो. जुन्या मोडेममध्ये एस७ हा थांबायचा काळ बऱ्याचदा ३० सेकंदांवर असतो.

यावर उपाय, नव्याला उतरणीचा जिनाच ठेवायचा नाही. ही आज्ञा देऊन थेट तळमजल्यावर उभा करा:

एटी+एमएस=व्ही२२बी,०

शेवटचं शून्य म्हणजे स्वतःहून वेग शोधू नकोस. जुन्या रॉकवेल चिपवर याच जागी नाव चालत नाही, आकडा लागतो: एटी+एमएस=२. यूएस रोबोटिक्स कंपनीच्या मोडेमवर &एन३. (अक्षरं टाइप करताना अर्थातच रोमन. मागे एकाने मला 'देवनागरी घेत नाही हो' म्हणून कळवलं होतं.)

स्पीकर चालू ठेवा आणि ऐका. कुठल्या सुरावर अडतंय ते कानाला लॉगफाईलच्या आधी कळतं.

अनाहूत_सल्ला

मी स्पष्ट बोलतो. हे सगळं भंगारात घाला आणि सिमकार्डवाला लॉगर बसवा. अर्ध्या दिवसाचं काम.

खुडबुड्या

@अनाहूत_सल्ला : त्या लॉगरला जोडलेली सेन्सरची तार थेट विहिरीत उतरवलेली आहे आणि त्याची नोंद वर्षानुवर्षं एकाच उपकरणाने झाली, हीच तिची किंमत. शिवाय तिथे मोबाइलला रेंज नाही. असती तर हा धागा नसता.

@तारायंत्री काका : आज रात्री करून बघतो.

मूषकराज

एक खबरदारी. जालावर सापडलेली इनिशियलायझेशन स्ट्रिंग (मोडेमला सुरुवातीला द्यायच्या आज्ञांची ओळ) डोळे मिटून चिकटवू नका. मी चिकटवली होती, म्हणून सांगतो.

१९८१च्या हेज स्मार्टमोडेमपासून ही 'एटी'ची बोली चालत आली. डी म्हणजे लाव, ए म्हणजे उचल, एच म्हणजे ठेव, एवढं सगळीकडे सारखं. पण पुढे & आणि \ लावून ज्याने त्याने आपापलं वेगळं घर बांधलं. रॉकवेलवर &के३ म्हणजे हार्डवेअर फ्लो कंट्रोल (बाइट पेलवेनासे झाले की तारेवरून 'थांब' म्हणायची सोय) चालू. यूएस रोबोटिक्सवर &के हे अक्षर कॉम्प्रेशनचं, आणि फ्लो कंट्रोलसाठी &एच१. मी एकाची ओळ दुसऱ्याला दिली. मोडेम 'ओके' म्हणाला. तो 'ओके'च म्हणतो हो, तुम्हाला काय म्हणायचं होतं ते त्याला काय ठाऊक! फ्लो कंट्रोल मुळात लागलंच नाही, आणि फाईल थोडी मोठी झाली की मधले बाइट गळायचे. आठवडाभर मी टेलिफोन लाईनला शिव्या घातल्या.

तसंच &एफ. कारखान्याची मूळ मांडणी आणतो खरा, पण कुठली मूळ? यूएस रोबोटिक्सवर &एफ० आणि &एफ१ वेगळे. हार्डवेअर फ्लो कंट्रोल हवं तर &एफ१.

पंख्याखाली

जुनानवा सोडा, एकाच वर्षी जन्मलेल्यांचंही पटत नसे. १९९७मध्ये ५६केच्या दोन जाती निघाल्या, एक्स२ आणि के५६फ्लेक्स. मी हौसेने एक घेतला. माझ्या इंटरनेटवाल्याने नेमका दुसरा पंथ स्वीकारला. ५६चं खोकं घरात आणि जोडणी ३१.२ वर. १९९८मध्ये व्ही.९० आलं, फर्मवेअर बदलून मोडेम बाटवला, आणि मग कुठे ४४-४५ दिसायला लागलं. त्या दिवशी शेजाऱ्याला बोलावून आकडा दाखवला होता.

चकमक

शेजारी अजून बोलतो का?

ओसरीवर

खुडबुड्या, तुमच्याकडची लाईन नक्की तांब्याची आहे ना? हल्ली भिंतीवर फोनचा सॉकेट दिसतो, पण त्यामागे इंटरनेटवरून आवाज नेणारी डबी असते. माझ्याकडे तसंच होतं. माणसाचं बोलणं एकदम स्वच्छ आणि मोडेम मात्र दर दोन मिनिटांनी गळून पडायचा. त्या डबीत कोडेक (आवाजाचे आकडे करायची पद्धत) जी.७२९ होता. तो माणसाच्या आवाजासाठी घडवलेला, मोडेमच्या सुरांचा भुगा करतो. जी.७११ केला, इको कॅन्सलेशन बंद केलं, जिटर बफर स्थिर ठेवला. तरी १४.४च्या वर नेलं की पडायचंच, त्यामुळे तिथेच बांधून ठेवलं.

खुडबुड्या

आमच्याकडे तांबंच आहे, खांबापर्यंत डोळ्यांनी पाहून आलो.

निकाल: +एमएसची ओळ दिल्यावर सात वेळा फोन लावला, सातही वेळा 'कनेक्ट २४००'. तारायंत्री काका, साष्टांग. पण पासवर्डाचं भूत आणि निम्मी अक्षरं, दोन्ही जिथल्या तिथे.

शून्यएक

पासवर्डाचं भूत माझ्या ओळखीचं आहे. एक सांगा, पासवर्ड किती अक्षरांचा आणि त्यानंतर एंटर मारावा लागतो का?

खुडबुड्या

चार अंकी. एंटर लागत नाही, चौथा अंक पडला की लगेच तपासतो.

शून्यएक

मग झालं. तुम्ही टाइप करायच्या आत तुमचा मोडेमच टाइप करतोय.

वाहक (कॅरिअर) जुळल्यावर नवा मोडेम व्ही.४२ ही चूकदुरुस्ती पलीकडे आहे का ते विचारतो. विचारायची रीत अशी की तो डीसी१ हे नियंत्रण-अक्षर आलटून पालटून सम आणि विषम पॅरिटीत (पॅरिटी म्हणजे अक्षराला तपासणीचा एक जादा बिट लावायची रीत) पाठवत राहतो. पलीकडच्याला व्ही.४२ येत असेल तर तो 'ईसी' असं उत्तर देतो आणि हा सगळा संवाद मोडेमांच्या आपापसातच राहतो. तुमच्या म्हाताऱ्याला चूकदुरुस्ती ठाऊकच नाही. त्याच्या लेखी ही साधी अक्षरं, तो ती इमानाने लॉगरकडे ढकलतो. व्ही.४२ला दाद मिळाली नाही की नवा एमएनपी या दुसऱ्या चूकदुरुस्तीची चौकट पाठवून बघतो, तीही लॉगरच्याच पदरात. चार अक्षरं भरली, पासवर्ड चुकला. आणखी चार, पुन्हा चुकला.

\एन० द्या. विचारणाच बंद. यूएस रोबोटिक्स असेल तर &एम०.

रात्रपाळी

असहमत. चूकदुरुस्ती बंद करणं म्हणजे ताप उतरेना म्हणून थर्मामीटर फोडणं. एवढ्या लांबच्या लाईनवर खरखर असणारच, मग आकडे बिघडले तर कळणार कसं? \एन३ ठेवा. जमलं तर चूकदुरुस्ती, नाही तर साधं.

शून्यएक

रात्रपाळी, चूकदुरुस्ती ही टाळी आहे, एका हाताने वाजत नाही. पलीकडच्याला ती येत नसेल तर \एन३ने काही वाचत नाही. आणि 'जमलं तर' हे ठरवायलाच तर ती विचारणा पाठवावी लागते! बिघडलेले आकडे ओळखायचे तर लॉगरच्या ओळीत शेवटी चेकसम (तपासणीची बेरीज) आहे का ते बघावं.

रात्रपाळी

तत्त्वतः मान्य. तरी मी पैजेवर सांगतो, त्यांची निम्मी अक्षरं बिघडतात ती लाईनच्या खरखरीनेच. चूकदुरुस्ती असती तर दिसलीच नसती.

नवशिक्या_९९

तो जादा मोडेम यूएसबी-सिरियल अडॅप्टरने लावला तर? जुन्याला जुना. भांडणच मिटलं.

खुडबुड्या

तो पलीकडचा मेला तर बदलायला म्हणून राखून ठेवलाय. आता तसला मिळणं मुश्कील.

\एन०ने भूत गेलं! पासवर्ड घेतो, यादी देतो. आता उरली फक्त निम्मी अक्षरं. आणि टेबलावरचं कोडंही तसंच आहे. चाचणीसाठी दर वेळी त्या लॉगरला उठवणं बरं नाही वाटत.

तारायंत्री

टेबलाचं सांगतो. 'नो डायलटोन' येणारच, कारण तिथे एक्स्चेंज नाही आणि सूर द्यायला कोणी नाही. एटीएक्स३ दिलंत की नवा सुराची वाट बघणार नाही. मग नुसतं एटीडी, आणि दुसऱ्याला हाताने एटीए.

पण एवढ्याने तुमचं भागणार नाही, आणि इथेच जुन्यानव्यात खरी मेख आहे. जुन्या मोडेममध्ये लाईनच्या तोंडाशी ट्रान्सफॉर्मर आणि रिले असायचे. असे दोन मोडेम कोऱ्या वायरनेही एकमेकांशी बोलतात. नव्यांत ट्रान्सफॉर्मर गेला, त्याजागी चिप आली, आणि लाईनकडची चिप आपली वीज टेलिफोन लाईनमधूनच घेते. कोऱ्या वायरीत प्रवाह कुठला? म्हणून तो मुका आणि बहिराही.

लाईनमध्ये २० मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह खेळवा. मी वायरीच्या एका पदरात ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आणि ३९० ओहमचा रेझिस्टर मालिकेत घालतो. एका बॅटरीवर माझा नवा मोडेम कुरकुरला होता. आणि ही जोडणी चुकूनही खऱ्या टेलिफोन लाईनला लावायची नाही.

मूषकराज

काका, हे सोनं आहे. मी वर्षभर एक चांगला मोडेम 'टेबलावर चालत नाही' म्हणून मृत समजून बसलो होतो. वाचनखूण साठवली.

पंख्याखाली

अवांतर: २४००ला हसणाऱ्यांसाठी. कार्ड घासायच्या यंत्रांत पुढे बरीच वर्षं १२००चेच मोडेम वापरत. दोनचारशे बाइटच पाठवायचे असतात, आणि ३३.६ला नुसतं जुळायलाच दहावीस सेकंद लागतात. १२००वाला तेवढ्या वेळात व्यवहार उरकून फोन ठेवून मोकळा.

काटेकोर

बरोबर. आणि त्यांनी '१२०० बॉड' लिहिलं नाही याची नोंद घेतली आहे.

शून्यएक

खुडबुड्या, निम्म्या अक्षरांचं सोडवू. शून्य ते नऊपैकी कुठले अंक धड येतात आणि कुठले बिघडतात? दर वेळी तेच का? अंदाजाने नको, यादी समोर ठेवून मोजा.

रात्रपाळी

मोजायचं काय त्यात, खरखर कुठलाही अंक खाते.

खुडबुड्या

तीनशे ओळी बघितल्या. गंमत आहे.

०, ३, ५, ६, ९ एकदाही बिघडले नाहीत.
१, २, ४, ७, ८ एकदाही बरोबर आले नाहीत.

शिवाय १च्या जागी कायम अधिक-उणेचं जोडचिन्ह. २च्या जागी वर्गाला लिहितो तसा बारका २.

शून्यएक

खरखर इतकी शिस्तशीर नसते, रात्रपाळी. :)

३ म्हणजे सात बिटांत ०११००११. त्यात एक चार वेळा, सम. १ म्हणजे ०११०००१, त्यात तीन, विषम. सम पॅरिटी असेल तर पाठवणारा विषम अक्षरांना आठवा बिट १ लावून बेरीज सम करतो. धड येणाऱ्या पाचही अंकांत एकांची संख्या सम आहे, बिघडणाऱ्या पाचांत विषम. लॉगर बोलतोय ७ बिट आणि सम पॅरिटी, तुमचा संगणक ऐकतोय ८ बिट, बिनपॅरिटी. तो पॅरिटीचा बिट अक्षरातच धरतो, म्हणजे १२८ जास्त. ४९चा '१' झाला १७७, आणि १७७व्या जागी अधिक-उणे. ५०चा '२' झाला १७८, तो तुमचा बारका २.

मोडेमांची यात काही चूक नाही. दोन्ही तऱ्हांत स्टार्ट-स्टॉप धरून दहाच बिट होतात, त्यामुळे त्यांना फरक कळायचं कारणच नाही. बिघाड तुमच्या मेलेल्या संगणकाच्या जागी आलेल्या नव्या संगणकात आहे. टर्मिनलची (मोडेमशी बोलणाऱ्या प्रोग्रॅमची) मांडणी ७, ई, १ करा.

नवशिक्या_९९

पण मग लॉगरने ह्यांचा पासवर्ड कसा घेतला? ह्यांच्याकडून तर चुकीच्या पॅरिटीने जात होता.

शून्यएक

चांगला प्रश्न. बरीच जुनी उपकरणं आत येणारी पॅरिटी तपासतच नाहीत, आठवा बिट टाकून देतात. हाही त्यातलाच दिसतो.

मूषकराज

थांबा थांबा. ७, ई, १?

खुडबुड्या, त्या कागदावर काय होतं म्हणालात?

खुडबुड्या

...

२४-७ई१.

चकमक

चोवीस तास, सातही दिवस, खोली ई१. =)) =)) खुर्चीवरून पडलो.

काटेकोर

२४ म्हणजे २४००. ७ डेटा बिट. ई म्हणजे इव्हन पॅरिटी. १ स्टॉप बिट. खोलीचा उल्लेख नाही.

अनाहूत_सल्ला

मी तरी म्हणतो सिमकार्ड.

रात्रपाळी

पैज हरलो. पण लाईनवर थोडी तरी खरखर असेलच की हो.

खुडबुड्या

काल रात्रीचे सगळे आकडे सलग उतरले, एकही चिन्ह वेडंवाकडं नाही. ओळीच्या शेवटी चेकसमही आहे आणि तो जुळतोय, रात्रपाळींच्या समाधानासाठी सांगितलं. पूर्ण ओळ अशी:

एटी&एफ+एमएस=व्ही२२बी,०; \एन० एस७=६०

आणि टर्मिनलला २४००, ७, सम, १. बॅटऱ्या आणि रेझिस्टर लावून टेबलावरही दोघे बोलले, त्यामुळे आता लॉगरला छळायची गरज नाही. ज्याने तो कागद चिकटवला त्याची मनोमन माफी मागितली.

ओसरीवर

धागा वर आलाच आहे तर विचारतो, माझा जुना फॅक्सही नव्या मोडेमला...

चकमक

नवा धागा काढा!

खुडबुड्या

नव्या मोडेमच्या बुडाला नवा कागद चिकटवलाय. या वेळी आद्याक्षरं नाहीत, पूर्ण वाक्यात लिहिलंय.

काटेकोर

त्यात बॉड नाही ना लिहिलंत?

खुडबुड्या

कागद काढून पुन्हा लिहितोय.